चढायचं बळ, उतरायचं शहाणपण

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण गिअरच्या सायकलवर बसून टेकडी चढलो होतो. आज जरा मोठ्या वाहनात बसू या. चांगलं बावीस चाकी!

त्याला कारणही तसंच आहे. कळंबोलीहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, “माझे बाबा आणि काका मिळून आमचा जुना ट्रक विकून ट्रेलर घेणार आहेत. लोखंडबाजारातून पत्र्याची गुंडाळी भरायची, घाट चढून चाकणला द्यायची आणि येताना तिकडून बंदरासाठी भरलेला कंटेनर आणायचा, असं काम मिळणार आहे. बाबा म्हणतात, जास्तीत जास्त हॉर्सपॉवरची गाडी घेऊ. काका म्हणतात, स्वस्तातली घेऊ, बँकेचा हप्ता परवडला पाहिजे. आजी म्हणते, मला हॉर्सपॉवर कळत नाही, घाटातून सुखरूप घरी येईल अशी गाडी घ्या. घरात रोज वाद चाललाय. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?”

बाप रे! आम्हाला थेट पंच करून टाकलं. पण प्रश्न मोठा छान आहे. निकाल द्यायच्या आधी सगळे पुरावे तपासू या.

घोडा आणि त्याचं ओझं

तुम्ही हमरस्त्यावर लांबलचक ट्रेलर पाहिला असेल. तो खरं तर दोन तुकड्यांचा असतो. पुढं इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन असलेलं तोंड. ड्रायव्हर मंडळी त्याला ‘घोडा’ म्हणतात. मागं नुसता सपाट ट्रेलर. त्याला इंजिन नाही, आणि पुढच्या बाजूला चाकंही नाहीत! त्याचं पुढचं टोक घोड्याच्या पाठीवरच्या एका गोल, जाड लोखंडी बैठकीवर टेकलेलं असतं. म्हणून तर वळणावर ट्रेलर मधून वाकल्यासारखा दिसतो.

आपल्याकडे २०१८ साली वजनाचे नियम बदलले. तीन अॅक्सलचा घोडा आणि तीन अॅक्सलचा ट्रेलर असेल, तर पुढच्या अॅक्सलवर ७ टन, घोड्याच्या मागच्या जोडीवर २१ टन आणि ट्रेलरच्या तीन अॅक्सलवर २७ टन. करा बेरीज. ५५ टन! यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं बरं का. एक हत्ती पाच टनांचा धरला, तर अकरा हत्ती एका रांगेत घाट चढताहेत असं समजा.

बाबांचा मुद्दा : हॉर्सपॉवर

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं, तर लागते एक हॉर्सपॉवर. इतकी सोपी व्याख्या. आता बोरघाट घ्या. पायथ्याच्या खोपोलीपासून माथ्यावरच्या खंडाळ्यापर्यंत उंची वाढते जवळजवळ ५०० मीटर. म्हणजे ५५ हजार किलो वजन ५०० मीटर उचलायचं.

५५,००० गुणिले ५०० भागिले ७५. उत्तर येतं सुमारे ३ लाख ६७ हजार. हे झालं एकूण काम. ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला त्यासाठी सुमारे १,२२० सेकंद, म्हणजे वीस मिनिटं लागतील. १५० हॉर्सपॉवरला लागतील चाळीस मिनिटं. शिवाय ही झाली नुसती उचलण्याची ताकद. चाकांचं घर्षण, गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती, हे सगळं धरलं की वेळ आणखी वाढतो.

म्हणजे बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ताकद कमी पडली, तर गाडी घाटात मुंगीच्या पावलांनी चालते. मागून वेगानं येणाऱ्या मोटारीला समोरचा ट्रेलर जवळपास उभाच आहे, हे पटकन लक्षात येत नाही, आणि धडक बसते. म्हणून घाटासाठी इंजिनाला पुरेसं बळ हवंच.

पण एक गंमत बघा. दुप्पट हॉर्सपॉवर घेतली म्हणजे गाडी दुप्पट ओझं ओढेल असं नाही. तेच ओझं ती फार तर दुप्पट वेगानं वर नेईल. ओझं हलेल की नाही, हे दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरतं.

पहिली गोष्ट : गिअर

सायकलवर चढ लागला की तुम्ही काय करता? मागच्या मोठ्या चक्रावर साखळी घेता. पाय भराभर फिरतात, सायकल हळू चालते, पण चढते. ट्रकचंही तेच. इंजिनाचा पिळण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो गिअरबॉक्स वाढवून देतो. आणि मागच्या अॅक्सलवरचा तो गोल डबा, डिफरन्शियल, त्याला आणखी वाढवतो.

आता गाडी निवडताना खरी मेख इथं आहे. एकाच इंजिनाची गाडी वेगवेगळ्या डिफरन्शियलची मिळू शकते. समजा, एकीत चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा चार वेळा फिरतो, दुसरीत सहा वेळा. सहावालीचा ओढण्याचा जोर दीडपट, पण इंजिन तितकंच फिरत असताना तिचा वेग चारवालीच्या दोनतृतीयांश. सपाट रस्त्यावर रोज लांब पल्ला मारायचा असेल, तर चारवाली डिझेल वाचवते. रोज घाटात भरलेली गाडी न्यायची असेल, तर सहाच्या जवळची बरी. शेजाऱ्यानं घेतली म्हणून तीच गाडी आपण घेतली, की फसलो! शेजारी नागपूरच्या सपाट रस्त्यानं जात असेल, आणि आपल्याला खंडाळा चढायचाय.

दुसरी गोष्ट : पकड

पावसाळ्यात ओल्या, चिखलाळ रस्त्यावर ट्रकची चाकं जागच्या जागी फिरताना पाहिली आहेत? तिथं ताकद कमी नसते, पकड कमी पडते. अशा निसरड्या रस्त्यावर ढकलणाऱ्या चाकांवर जेवढं वजन असेल, त्याच्या साधारण एकतृतीयांश जोर रस्ता झेलतो, असं धरून चालू.

घोडे दोन प्रकारचे असतात. एकात मागं एकच ढकलणारा अॅक्सल. त्यावर वजन ११.५ टन, म्हणजे जोर मिळेल सुमारे ३.८ टन. मागं तीन अॅक्सलचा ट्रेलर जोडला, तर अशा गाडीचं भरलेलं वजन ७ अधिक ११.५ अधिक २७, म्हणजे ४५.५ टन होतं. समजा, घाटात एका वळणावर बारा मीटरला एक मीटर चढ आला. वर ओढायला लागणार ४५.५ भागिले १२, म्हणजे ३.८ टन. वर चाकांचं घर्षण निराळंच. झालं! चाकं फिरणार, गाडी अडणार, आणि मागं दोन किलोमीटर रांग लागणार.

दुसऱ्या प्रकारात मागचे दोन्ही अॅक्सल ढकलतात. त्यांच्यावर २१ टन, जोर मिळतो ७ टन. ५५ टनांची गाडी त्याच वळणावर सुमारे ५ टन जोर मागेल. म्हणजे दोन टन हातचे राखून वर! कागदावर अशा गाडीपुढं ‘६ × ४’ असं लिहितात. सहा चाकांपैकी चार चाकं ढकलणारी. जोडचाक एकच मोजतात, हं.

आता घाट उतरू या

इथपर्यंत सगळे चढण्याबद्दल बोलतात. विकणाराही तेच सांगतो, घेणाराही तेच विचारतो. पण मैत्रिणीच्या पत्रात एक वाक्य आहे : “येताना भरलेला कंटेनर आणायचा.” म्हणजे ही गाडी उतरतानाही भरलेलीच!

५५ टन वजन ५०० मीटर वर नेताना जी शक्ती खर्च झाली, ती कुठं गेली? कुठंच नाही. तितकंच वजन माथ्यावरून खाली निघालं, की ती सगळी परत बाहेर येते. किती असते ठाऊक आहे? सुमारे ९०० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी! तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल, तर ती जवळजवळ भरून समजा. त्यातला काही भाग हवा आणि रस्ता खातात. तरी सात-आठशे लिटरची उष्णता उरते. नुसते पायाचे ब्रेक दाबत उतरलात, तर ती जाणार कुठं? सहा अॅक्सलवरच्या बारा ब्रेकांमध्ये.

ब्रेकचा ड्रम तापला की दोन गोष्टी होतात. लोखंड फुगतं, त्यामुळे आतला लायनर ड्रमपर्यंत नीट पोचत नाही. आणि लायनर स्वतः तापल्यावर त्याची पकडही कमी होते. ड्रायव्हर आणखी जोरात दाबतो. ब्रेक हवेवर चालतात, ते सारखे सारखे मारले की टाकीतली हवाही संपत येते. मग जळका वास, धूर, आणि शेवटी पायाखाली ब्रेक आहे पण गाडीला नाही, अशी अवस्था. वर्तमानपत्रात ‘घाटात ब्रेक निकामी’ अशी बातमी येते ना, तिच्यामागं पुष्कळदा हेच असतं. ब्रेक अचानक फुटत नाही. तो माथ्यापासून हळूहळू संपत आलेला असतो.

सायकलचा पंप आणि क्लेसी कमिन्स

१९३१ सालची गोष्ट. अमेरिकेत क्लेसी कमिन्स नावाचा एक इंजिन बनवणारा होता. आपलं डिझेल इंजिन किती दमदार आहे हे लोकांना दाखवायला तो ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. सगळा देश ओलांडला, आणि शेवटी कॅलिफोर्नियातल्या काहोन खिंडीच्या उतारावर ब्रेकनी दगा दिला. उतारावर पुढं रेल्वेचं फाटक, आणि फाटकातून मालगाडी चाललेली! मालगाडीचा शेवटचा डबा पुढं सरकला आणि मागून ट्रक निसटून गेला. थोडक्यात वाचले सगळे.

इंजिन दमदार करणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळलं, की नुसता दम पुरत नाही. त्याच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. पुढं म्हातारपणी त्यानं एक युक्ती शोधली. ती तुम्ही घरी करून बघू शकता. सायकलचा पंप घ्या, भोकावर अंगठा धरा आणि दांडा दाबा. जोर लागतो ना? आता दांडा सोडा. आतली दाबलेली हवा त्याला परत वर ढकलते. म्हणजे तुमचा जोर तुम्हाला परत मिळाला. आता पुन्हा दाबा, आणि दांडा खाली गेला रे गेला की अंगठा काढा. फुस्स! हवा गेली, दांडा परत आला नाही. तुमचा जोर वाया गेला.

उतारावर आपल्याला नेमका जोर वाया घालवायचा असतो! कमिन्सनं तेच केलं. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात. इंजिनात हवा दाबली गेली की त्याच क्षणी झडप उघडायची आणि ती बाहेर सोडायची. प्रत्येक वेळी गाडीचा थोडा जोर फुस्स. ब्रेकला हात न लावता गाडी आवरली जाते. ड्रिल मशिनचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीनं हा इंजिन ब्रेक १९६१ साली बाजारात आणला. आणि गंमत म्हणजे कमिन्सच्या नावाची इंजिनं आपल्या घाटाच्या माथ्यापलीकडेच, पुण्यात तयार होऊ लागली. किर्लोस्करांच्या जोडीनं ती कंपनी १९६२ साली तिथं सुरू झाली.

याशिवाय आणखी दोन भाऊ आहेत. एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धूर बाहेर जायच्या नळीत एक झाकण, जे बंद केलं की इंजिन कोंडून गाडी हळू होते. तो स्वस्त, पण या तिघांत कमी जोराचा. दुसरा रिटार्डर. त्यात तेल घुसळून गाडीचा जोर जिरवतात आणि तापलेलं तेल रेडिएटर थंड करतो. तो महाग, पण मोठा दमदार. आणि विजेवर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर उतारावर मोटारच जनित्र होते आणि उतरायची शक्ती बॅटरीत परत भरते.

ड्रायव्हरमामांचा नेम

आमच्या गल्लीत एक ड्रायव्हरमामा राहतात. तीस वर्षं त्यांनी बोरघाट केला. एकदा मी हट्टानं त्यांच्या गाडीत बसलो होतो. खंडाळ्याला, उतार लागायच्या आधी, मामांनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून एकेका चाकावर दांडक्यानं ठोकलं, प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन कुठलं जास्त तापलंय का पाहिलं, हवेचा काटा बघितला आणि मगच परत बसले.

मी म्हटलं, “मामा, घाई नाही का?”

ते म्हणाले, “वर चढताना घाई केली तर उशीर होतो. उतरताना घाई केली तर पोचतच नाही.”

मग त्यांनी त्यांच्या क्लीनरपणाची गोष्ट सांगितली. त्यांचे त्या वेळचे उस्ताद डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायचे. एकदा अशीच गाडी धावत सुटली. ब्रेक तापून सुन्न झाले. परत गिअर टाकायला गेले तर वेग इतका वाढलेला, की गिअर पडेना. उस्तादांनी शेवटी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली म्हणून दरी चुकली. उस्तादांचा पाय मोडला, तो पुन्हा कधी नीट झाला नाही. “वाचवलेलं डिझेल असेल दोन लिटर,” मामा म्हणाले. “तेव्हापासून एकच नेम. ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. जमलं तर एक आणखी खालचा.”

जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणून सांगतात. तिथं ड्रायव्हर गाडी हळू करून हात जोडतात. मामाही जोडायचे. पण चाकांना हात लावून झाल्यावर!

रेल्वेनंही हे शहाणपण फार आधी शिकून घेतलंय. बोरघाटात १८६३ सालापासून आगगाड्या धावतात आणि रुळांचा चढ ३७ ला १ आहे. चढताना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पण उतारावर ब्रेक तपासणं, आणि एखादी गाडी आवरली नाहीच तर तिला चढावर नेऊन थांबवणारा आडरूळ ठेवणं, हेही तिथं तितक्याच काळजीनं केलेलं आहे.

मग निकाल काय?

मैत्रिणी, बाबा-काकांबरोबर गाडी बघायला तूही जा आणि हे प्रश्न वहीत लिहून ने :

१. भरलेल्या गाडीसह घाट चढायला इंजिनाची ताकद पुरेशी आहे का?
२. मागचे दोन्ही अॅक्सल ढकलणारे आहेत का?
३. डिफरन्शियल घाटासाठीचं आहे की सपाट रस्त्यासाठीचं?
४. उतारासाठी काय आहे? नुसता एक्झॉस्ट ब्रेक, इंजिन ब्रेक की रिटार्डर?
५. चढावर गाडी हळू चालते, समोरून वारा मिळत नाही. तेव्हा इंजिन थंड ठेवायला रेडिएटर आणि पंखा पुरेसे मोठे आहेत का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्याशिवाय घरी येऊ नका.

काकांनाही सांग, हप्त्याची काळजी खरी आहे. पैसे कमी पडले, तर पन्नास-शंभर हॉर्सपॉवर कमी चालतील. घाट दहा मिनिटं उशिरा चढाल, एवढंच. पण उतारावरचा ब्रेक त्यातून वगळू नका. आणि हप्ता लवकर फिटावा म्हणून पाच-दहा टन जादा माल चढवायचा मोहही नको. ५५ ऐवजी ६५ टन झाले, की उतरताना ब्रेकवर येणारी उष्णताही जवळजवळ पाचव्या हिश्शानं वाढते. गाडी तीच, ब्रेक तेच.

बाकी हॉर्सपॉवर न कळणाऱ्या आजीनं एका वाक्यात जे सांगितलं, ते सांगायला आम्हाला अख्खं पान लागलं. आजीला आमचा नमस्कार सांग.

आणि तुम्हा सगळ्यांसाठी : उद्या घाटात गाडीत बसाल, तेव्हा पुढं हळूहळू चढणारा ट्रेलर दिसला की बाबांना हॉर्न वाजवायला सांगू नका. अकरा हत्ती चाललेत, जाऊ द्या त्यांना!

डोकं चालवा : ४० टनांचा ट्रक ३०० मीटर उंचीचा घाट चढतोय. इंजिन २०० हॉर्सपॉवरचं. घर्षण सोडून द्या. किती वेळ लागेल? उत्तर पुढच्या अंकात. तोपर्यंत पंप आणि अंगठ्याचा प्रयोग करून बघा. अंगठा सांभाळून, बरं!